शिवेपलीकडचं पांढरं

मला पसारा खपत नाही. पाहुणे येणार म्हटलं की पंधरा मिनिटांत मी खाटेवरचे कपडे, टेबलावरची औषधं, चार्जरच्या वायरी असं सगळं गोळा करते, आतल्या खोलीत ढकलते आणि दार लावून घेते. पुढे आठवडाभर नवऱ्याला त्याचा चष्मा सापडत नाही आणि तो ओरडत बसतो, पण पाहुण्यांना घर लख्ख दिसतं. हा स्वभाव माझ्या कामातही उतरला आहे. एकदा त्याने माझी चांगली फजिती केली.

मी नकाशे करते. तरुणपणी आरेखक म्हणून लागले तेव्हा ट्रेसिंग कागदावर शाईने रेघा ओढायचे आणि चुकलं की ब्लेडने हलक्या हाताने खरवडायचे. आता परभणीत घरीच, मागच्या खोलीत, संगणकावर काम चालतं. आसपासच्या गावांना रस्त्यांचे, पाण्याचे, झाडांचे आराखडे करायचे असतात, त्यासाठी गावाचा नकाशा लागतो, आणि तो करून द्यायला कुणीतरी माझं नाव सुचवतं. बोरीपासून पूर्णेपर्यंत किती गावांच्या शिवा मी माऊसने गिरवल्या असतील, मोजल्या नाहीत.

संगणकावरच्या नकाशाची एक अडचण असते. खाली उपग्रहाचा फोटो अंथरलेला असतो आणि त्याला कुठे अंतच नसतो. तुम्हाला हवं असतं एक गाव, आणि पडद्यावर हजर असतो अख्खा जिल्हा, नद्या, रेल्वेचे रूळ, भलत्याच गावातले भलतेच पत्रे. मग बाकीच्या जगाचं करायचं काय? त्यावर उपाय आहे. गावाची शीव आखून घ्यायची आणि सॉफ्टवेअरला सांगायचं की बाबा, हिच्या आत रंगवू नकोस, हिच्या बाहेर जेवढं आहे तेवढं पांढरं कर. एक बटण दाबलं की सगळं जग नाहीसं होतं आणि पांढऱ्याशुभ्र कागदाच्या मधोमध एकटं गाव उरतं, ताटात वाढलेल्या भाकरीसारखं. आमच्या कामात ह्याला मास्क लावणं म्हणतात. खोटं कशाला बोलू, मला त्या बटणात फार सुख वाटायचं. पाहुण्यांच्या आधी आतल्या खोलीचं दार लावण्याचं जे सुख, तेच.

माझं माहेर ताडकळसच्या पुढे, ओढ्याकाठचं गाव. धाकटा भाऊ तिथे शेती करतो आणि ग्रामपंचायतीत सदस्य आहे. एक दिवस त्याचा फोन आला.

“अक्का, दुनियेच्या गावांचे नकाशे करायलीस, आपल्या गावाचा कवा करणार?”

ग्रामसभेत त्या वेळी शेतरस्त्यांची यादी ठरायची होती. रानात जायच्या कोणत्या वाटांवर मुरूम टाकायचा, कोणत्या अगोदर, कोणत्या नंतर, हे सगळ्यांसमोर नकाशावर ठरवू, म्हणजे मागून तंटा नको, असा भावाचा विचार. मला तर हुरूप आला. माहेरचं काम! चार दिवस खपून मी नकाशा केला. शीव अगदी काटेकोर, प्रत्येक वाट, विहीर, ओढ्याचं वळणन् वळण त्यात घेतलं. बाहेरचं सगळं पांढरं करून टाकलं. वर ठळक अक्षरांत मथळा दिला, ‘आपलं गाव, आपलं शिवार’. भिंतभर मोठं फ्लेक्स छापून घेतलं आणि गुंडाळी मांडीवर आडवी धरून एसटीने निघाले. शेजारच्या बाईला वाटलं मी कुणाच्या वाढदिवसाचं बॅनर नेतेय.

ग्रामसभा सकाळी होती. ग्रामपंचायतीच्या भिंतीला फ्लेक्स टांगलं आणि गाव त्याच्यावर तुटून पडलं. लोकांनी स्वतःचं रान वरून कधी पाहिलेलं नव्हतं. कुणी आंब्यावरून ओळखलं, कुणी विहिरीवरून. “ह्यो बग आमचा आखाडा,” असं म्हणत एक जण आपल्या रानातल्या पत्र्याच्या खोपीवर बोट ठेवून हलायलाच तयार होईना. फ्लेक्सवर पेन उमटत नाही, म्हणून बायकांनी युक्ती काढली. दुकानातून टिकल्यांची पाकिटं आणली. ज्याला रानापर्यंत रस्ता हवा त्याने आपल्या रानावर एक टिकली लावायची. जिथे टिकल्या जास्त ती वाट यादीत वर. कामाची अशी पद्धत मी कुठल्याही प्रशिक्षणात पाहिली नव्हती. मी फुशारून गेले. मला शाल आणि नारळ दिला, फोटो काढले, आणि दुपारच्या गाडीने मी परत आले. येताना गाडीत मला गाढ झोप लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी भावाचा फोन.

“अक्का, काकू एकलीच पूर्णेला गेली.”

ही काकू म्हणजे माझी चुलती. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मुली आपापल्या घरी सुखात आहेत. काकूचं वय साठीच्या पुढे आणि चार एकर रान ती स्वतः करते. ते रान ओढ्याच्या पल्याड आहे. कागदोपत्री ती जमीन शेजारच्या गावच्या शिवारात येते, पण काकू आमच्या गावची, तिची वाट आमच्या गावातून, तिची ऊठबस आमच्यात. ओढ्यापासून पुढे काळी माती. पाऊस पडला की पाय गुडघ्यापर्यंत रुततो, चप्पल हातात घ्यावी लागते, बैलगाडीसुद्धा जात नाही. मागच्या साली तिचं सोयाबीन आखाड्यातच अडकून पडलं होतं आणि दोनदा ती चिखलात पडली होती. भाऊ तिला म्हणत होता की आता रान कुणाला तरी बटईने दे, निम्मा माल घरबसल्या घे. काकूने त्याला सांगितलं होतं, ग्रामसभा होऊ दे, वाट यादीत आली तर मीच करते, न्हाई आली तर देते.

रान म्हणजे काकूचा सगळा दिवस होता. सकाळी भाकरी बांधून जायचं आणि सूर्य कलला की डोक्यावर गवताचा भारा घेऊन यायचं. तिला घरी बसवणं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक होतं.

“पूर्णेला? तालुक्याला कशाला?” मी विचारलं.

“सातबारा काढायला. तिला वाटलं रान गेलं म्हून.”

मग त्याने सगळं सांगितलं. ग्रामसभेत, तिकडे माझे फोटो काढणं चाललं होतं तेव्हा, काकू बोटावर टिकली घेऊन नकाशापुढे उभी राहिली. गावातलं आपलं घर तिने शोधलं, मारुतीचं देऊळ शोधलं, ओढ्यापर्यंतची वाट शोधली. आणि ओढ्यानंतर पांढरं. तिने खालून वर, वरून खाली पाहिलं. मागून कुणीतरी थट्टेत म्हणालं, “काकू, तुमचं रान गेलं की वं!” लोक हसले. काकू हसली नाही. मागच्या साली गावठाणावर ड्रोन फिरला होता, तेव्हापासून नव्या मोजणीत कुणाचं काय जाईल ह्याच्या गप्पा पारावर चाललेल्याच होत्या. त्यात हे एवढं मोठं फ्लेक्स, सगळ्यांची रानं त्यात हजर, आणि हिचं तेवढं नाही. टिकली तशीच बोटावर घेऊन ती घरी गेली. दोन दिवस धड जेवली नाही, कुणाला काही बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी, सातबारा बघून येते एवढंच शेजारणीला सांगून, पहिल्या गाडीने निघाली.

पहिला राग मला भावाचा आला. “अरे, तिला सांगता नाही आलं का, की ते शिवेबाहेरचं म्हणून दिसत नाही?”

“मला काय म्हाईत तू कामून पांढरं केलीस? मला वाटलं नकाशात तसंच असतंय.”

मग राग आला काकूचा, एक फोन केला असता तर काय बिघडलं असतं म्हणून. आणि फोन ठेवल्यावर तो राग यायचा तिथे, माझ्या स्वतःवर, आला. सहावीपासून लग्न होईपर्यंत, शाळेला सुट्टी असली की काकांची भाकरी घेऊन त्या रानात मीच जायचे. ओढ्यातला कोणता दगड हलतो हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं. आणि तीच मी, पडद्यासमोर बसले तेव्हा मला फक्त शीव दिसली. वाट ओढ्यावर येऊन तुटतेय हे मी पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नाही, तुटलेलं टोक वाकडं दिसतंय म्हणून नीट छाटलं होतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

दुपारी पुन्हा फोन. काकू परत आली होती. सातबाऱ्यावर तिचं नाव होतं तसंच होतं, तिची तसल्ली झाली होती. पण गाडीतून उतरल्या उतरल्या ती भावाला म्हणाली, “रान हाय बाबा. पर गावच्या नकाशात न्हाई म्हंजी वाट काय व्हायची न्हाई. देऊन टाकते बटईनं.” ओढ्यापल्याडच्या गावातला एक शेतकरी, ज्याचं रान काकूच्या रानाला लागून आहे, तो कधीपासून विचारतच होता. रविवारी बोलणी करायला येणार होता. त्या दिवशी होता बुधवार.

मी संगणक सुरू केला, माहेरचा नकाशा उघडला आणि मास्क काढला. पांढऱ्याखाली सगळं होतं. काकूच्या आखाड्याचा पत्रा उन्हात चमकत होता, धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, बाभूळ होती, ओढ्यातून वर चढणारी गाडीवाट बारीक भुऱ्या रेघेसारखी दिसत होती. ती रेघ काकूच्या धुऱ्यावरून पुढे जात होती, पार शेजारच्या गावापर्यंत.

तेव्हा मला आठवलं की शेजारच्या गावचाही नकाशा त्याच महिन्यात मीच केलेला आहे. तो उघडला. तिथेही माझी तीच टापटीप. वाट त्यांच्या गावातून निघत होती, धुऱ्याधुऱ्याने ओढ्याकडे येत होती, आणि अलीकडे आमचं गाव पांढऱ्याखाली गडप होतं. काकूचं रान त्या नकाशात होतं. पण तिथे टिकली लावायला काकू नव्हती, कारण ती त्या गावची नाही. दोन्ही नकाशे पडद्यावर शेजारी ठेवले. एकच वाट मी दोन्हीकडून तोडली होती आणि दोन्ही गावांच्या शहाण्या माणसांनी माझं कौतुक करून मला शाली दिल्या होत्या.

गुरुवारी सकाळपासून नव्या नकाशाला बसले. दोन्ही गावं एका कागदावर घेतली. शिवांच्या जाड काळ्या रेघा काढून टाकल्या आणि बारीक तुटक रेघा घातल्या. दोन्ही गावांच्या बाहेरचं सगळं उघडं ठेवायला मात्र हात धजेना. तिथे मी मास्क ठेवला, पण पातळ केला. हळूहळू विरळ करत नेला, तसं खालचं जग दिसू लागलं, धुक्यातून दिसावं तसं. जुन्या महसुली नकाशांवर चारही कडांना शेजारच्या गावांची नावं लिहिलेली असायची. तरुणपणी ती मी शाईने कितीदा गिरवली होती, आणि संगणक आल्यावर कचरा म्हणून सोडून दिली होती. ती पुन्हा लिहिली. ‘आपलं गाव, आपलं शिवार’ हा मथळा पुसला आणि तिथे दोन्ही गावांची नावं घातली. शनिवारी छापलं आणि रविवारी पहिल्या गाडीने माहेरी गेले.

काकूच्या अंगणात तो शेतकरी आधीच येऊन बसला होता. पन्नाशीचा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बोलायला शांत. भाऊ होता. काकूने चहा ठेवला होता. मला पाहून ती म्हणाली, “आलीस का माय? बस. चा पी.” रागाचा लवलेश नव्हता, आणि त्यानेच मला जास्त वाईट वाटलं.

मी चहाला थांबलेच नाही. अंगणात फ्लेक्स पसरलं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. काकू पदर खोचून नकाशाच्या काठाशी उकिडवी बसली. आपल्या घरावर बोट ठेवलं. मारुतीवरून, पिंपळावरून बोट ओढ्यापर्यंत आलं आणि तिथे थबकलं. मग हळूच ओढा ओलांडून वर चढलं, बाभळीपाशी गेलं आणि आखाड्यावर टेकलं.

“हितं हाय की,” ती म्हणाली.

“हो काकू.”

“मंग त्या दिशी कुटं होतं?”

“होतं तिथंच. मी झाकलं होतं.”

“कामून?”

शीव, हद्द, महसुली गाव, असे सगळे शब्द माझ्या तोंडाशी आले आणि त्यातला एकही बाहेर काढायची हिंमत झाली नाही. मी खरं तेच सांगितलं. “नकाशा चांगला दिसावा म्हणून.”

काकूने माझ्याकडे नीट पाहिलं. “आमचं रान वाईट दिसतंय का ग?”

भाऊ खो खो हसला. मला हसावं की रडावं कळेना, दोन्ही झालं. काकूने माझ्या पाठीवर एक चापट मारली आणि पुन्हा नकाशात डोकं घातलं.

एव्हाना तो शेतकरीही खाली येऊन बसला होता. त्याने आपल्या घरावर बोट ठेवलं आणि धुऱ्याधुऱ्याने ते काकूच्या बोटापर्यंत आणलं. दोघांची बोटं आखाड्यापाशी भेटली. 

“आमच्या गावच्या नकाशात ह्यो वढा म्हंजी जगाचा शेवट हाय,” तो म्हणाला. “ताडकळसच्या बाजाराला आमी एवढा वळसा घालून जायलाव. हितून तर सरळ हाय.”

“तुमच्या धुऱ्यावरून मुरूम टाकावा लागंल,” भाऊ म्हणाला. “दोन हात जागा जाईल.”

“जाऊ द्या. काकूची बी जाईल, माजी बी जाईल. लेकरंबाळं तर न्हाई रुतणार.” मग त्याला आपण कशासाठी आलो होतो ते आठवलं. थोडं ओशाळून तो काकूला म्हणाला, “ते बटईचं मंग बगू आपुन, काकू.”

“बगायचं काय न्हाई त्याच्यात,” काकू म्हणाली. “तुमी चा घ्या, थंड व्हायलाय. रान मीच करते.”

त्यानंतर सगळं झटपट झालं असं मी म्हणणार नाही. दोन गावांच्या दोन ग्रामसभा. आमच्याकडे कुणी म्हणालं, पल्याडची वाट आपण का करायची. त्यांच्याकडे कुणी म्हणालं, अल्याडची बाई आपण का बघायची. भावाने तेच फ्लेक्स दोन्हीकडे टांगलं. टिकल्या पुन्हा लागल्या. ह्या वेळी त्यांची ओळ ओढ्यावर थांबली नाही, थेट पल्याड गेली आणि तिकडच्या टिकल्यांना मिळाली. मग वाद घालणाऱ्यांना घालायला फारसं काही उरलं नाही. उन्हाळ्यात दोन्ही बाजूंनी मुरूम पडला, ओढ्यात सिमेंटचे पाइप टाकून वरून भराव केला. मध्ये पन्नास-साठ पावलांचा एक टापू अजून काळ्या मातीचाच आहे, तिथला मुरूम संपला तो संपलाच. तिथे काकू अजूनही चप्पल हातात घेते.

माझ्या कामात एवढाच फरक पडला की मास्क लावायच्या आधी मी त्या गावातल्या कुणाला तरी पडद्यासमोर बसवते आणि विचारते, “ह्याच्या बाहेर तुमचं काही आहे का?” आजवर एकानेही नाही म्हटलेलं नाही. कुणाची विहीर असते, कुणाचा देव, कुणाची शाळा चुडाव्याच्या रस्त्याला. माझे नकाशे आता पूर्वीइतके स्वच्छ दिसत नाहीत. एका साहेबांनी तसं तोंडावर सांगितलंही. मी म्हटलं, असू द्या. रात्री घरी हे सांगितलं तेव्हा नवरा जेवता जेवता थांबला होता.

ह्या पावसाळ्यात आठवडाभर झड लागली होती. एका सकाळी मला राहवेना. भराव टिकला असेल का, काकू जात असेल की घरात बसून असेल, काही कळायला मार्ग नव्हता, आणि भावाला विचारलं तर तो मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगेल. काकूला फोन लावला. उचलला नाही. दहा मिनिटांनी पुन्हा लावला, पुन्हा नाही. तिसऱ्यांदाही नाही. मनात नको नको ते येऊ लागलं. चौथ्या वेळी बराच वेळ वाजून फोन उचलला गेला. वाऱ्याचा आवाज, कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटा, आणि काकूचा धापा टाकणारा आवाज.

“काय ग, सारखं सारखं कामून करायलीस?”

“काही नाही काकू, सहज. कशी आहेस?”

“खुरपायलेय. हात चिखलाचे हायत माजे. रानात हाय मी, येळ न्हाई. ठेव.”

आणि तिने फोन ठेवला. मी मागच्या खोलीत तसाच फोन हातात धरून बसले होते, आणि मला इतका आनंद झाला होता की काम सुरू करायलाही सुचेना.